बारा मुठींचं खोकं

खोक्यावरचं धोतर दौलतराव मगदुमांनी ओढलं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बाकीचा गूळ कुठाय?"

देवळापुढच्या पटांगणात निम्मा गाव जमला होता. हलगी वाजत होती ती थांबली. ज्याला त्याला खोक्यात डोकावायचं होतं, त्यामुळे चांगलीच रेटारेटी झाली. मीही घुसले. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच असं आंब्याच्या फळ्यांचं नवंकोरं खोकं, आणि त्याच्या तळाशी चारी कडांना टेकून पसरलेला, जेमतेम वीतभर जाडीचासुद्धा नाही असा गूळ. वरचं सगळं रिकामं.

"उंदरानं खाल्ला म्हणायचं का?" मागून कुणीतरी म्हणालं. चारदोनजण हसले. दौलतराव हसले नाहीत.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. सांगलीहून तिनवाडीच्या हायस्कुलात गणित शिकवायला येऊन आठ महिने झाले होते. मुलं मला आवटी बाई म्हणत आणि टरकून असत. मला वाटायचं, चांगल्या शिक्षिकेची हीच खूण. राहायला मी नागूआण्णा चौगुल्यांच्या घरी होते. आण्णा म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले गुळव्या. उसाचा रस काहिलीत कढवून त्याचा गूळ करायचा, तो नेमका कधी उतरवायचा हे नुसत्या बुडबुड्यावरून ओळखायचं, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. बोलणं अगदी कमी. घरातलं सगळं बोलणं त्यांची बायको, तानूकाकी, एकटी उरकायची.

तर त्या गुळाची गोष्ट अशी. तिनवाडी म्हणजे तीन वाड्यांचं गाव : थोरली वाडी, माळवाडी आणि नदीवाडी. जाखाईच्या जत्रेला प्रत्येक वाडी देवीपुढे गुळाचा एक ठोकळा ठेवायची. ठोकळा सगळ्या बाजूंनी सारखा हवा, लांब तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच. माप मुठीचं. देवळाच्या खांबावर एक मूठ कोरलेली आहे, चार इंच भरते. नदीवाडीचा ठोकळा तीन मुठींचा, माळवाडीचा चार मुठींचा, थोरलीचा पाच मुठींचा. लोक नुसतं तीनमुठी, चारमुठी, पाचमुठी म्हणायचे. देवीचा गूळ तोलायचा नाही, असा दंडक. आणि दरवर्षी भांडण एकच, कुणाचा ठोकळा आधी ठेवायचा. आदल्या वर्षी त्या भांडणापायी पालखी भर उन्हात तासभर खोळंबली होती. म्हणून यंदा सरपंच दौलतरावांनीच तोडगा काढला. तिन्ही ठोकळे एका काहिलीत वितळवायचे आणि सगळ्या गावाचा एकच ठोकळा करायचा.

आदल्या दिवशी दुपारी ते काम आण्णांनी केलं. देवीचा गूळ ओतताना बघायचा नाही, असाही एक दंडक होता. त्यामुळे गुऱ्हाळात फक्त आण्णा आणि काकी. ठोकळ्यासाठी केलेल्या नव्या खोक्यात गूळ ओतला, वर धोतर झाकलं आणि खोक्याशेजारी आण्णा बसून राहिले. सकाळी माणसांनी खोकं गाडीवर घालून देवळापुढे आणलं. हलकं कसं लागतंय, असं तेव्हाच एकदोघं म्हणाले होते म्हणे.

"नागूआण्णा," दौलतराव म्हणाले, "तीन दिवस ते ठोकळे ह्या कट्ट्यावर हुते. सगळ्या गावानं बघितल्यात. तुमच्या ताब्यात दिलं तवा गूळ हुता, आन् आता न्हाई. काय म्हणायचं ह्याला?"

डोक्यावरची टोपी काढून आण्णांनी हातात घेतली.

"आटला आसंल थोडा," माळवाडीचं कुणीतरी समजुतीनं म्हणालं.

"खोक्यात आठातला एक हिस्सा ऱ्हायलाय! एवढा आटतोय व्हय गूळ? मग काहिलीत काय कापूर घातला हुता?"

आता तानूकाकी पुढे आली. पदर खोचून. "दौलतराव, जिभंला हाड हाय का न्हाई? मी सोता हुते तितं. हुता तेवढा सगळा ओतला. काहील खरवडून ओतला!"

"काकी, तुमी बोलणारच. नवऱ्याची साक्ष बायकूनं द्यायची, ह्यो कुठला न्याय?"

"मग तुमच्या बायकूला बोलवा. ती तुमच्या बाजूनं बोलती का बघू!"

पुन्हा हशा पिकला, पण तो लगेच विरला. कारण आण्णा बोलायला लागले होते. चाळीस वर्षांत त्यांनी चारचौघांत एवढं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"वतताना माझ्या बी ध्यानात आलं. तळ झाकला आन् काहील रिकामी झाली. मला वाटलं, भरंल. पर आणू कुठनं? मी न्हाई घेतला. जाखाईची आन. पर कुठं गेला ते मला सांगता यीना, म्हंजे दोष माझाच." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "बारा वाजता पालखी निघंल. तवर गुळाचा पत्त्या लागला न्हाई, तर आजपास्नं मी काहिलीपुढं हुबा ऱ्हानार न्हाई. गुळव्या म्हणून मला कुणी हाक मारायची न्हाई."

काकी मटकन खालीच बसली. या माणसानं काहील सोडायची म्हणजे काय, हे मी आठ महिने रोज पाहत होते. पहाटे उठून ते हात जोडायचे ते देव्हाऱ्याला नव्हे, गुऱ्हाळाच्या दिशेला.

मी खोक्याकडे पाहिलं. मग देवळाच्या ओसरीवर ठेवलेल्या तीन वाड्यांच्या जुन्या खोक्यांकडे पाहिलं. तीनमुठी, चारमुठी, पाचमुठी. मग पुन्हा या नव्या धुडाकडे. आणि मला काहीतरी खटकलं.

बाजूला भिकाजी सुतार उभा होता. खोकं त्याच्या हातचं. मी त्याला हळूच विचारलं, "भिकाजी, हे खोकं केवढ्या मापाचं?"

"बारा मुठी, बाई. लांब बारा, रुंद बारा, उंच बारा."

"बारा कुणी ठरवलं?"

भिकाजीनं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की जणू मला वेड लागलंय. "आवं, तुमीच की!"

"मी?"

"इसारला व्हय? मागल्या आठवड्यात शाळेच्या पायरीवर वह्या तपासत बसला हुता. मी इचारलं, बाई, तीन आन् चार आन् पाच किती? तुमी म्हणाला, बारा. आन् वरनं म्हणाला, एवढंही येत नाही का, भिकाजी?"

आठवलं. अगदी लख्ख आठवलं. मी मानसुद्धा वर केली नव्हती. माझ्या मांडीवर नववीची वही होती आणि त्यात कुणा पोरानं 'अ घन अधिक ब घन' याचं उत्तर 'अ अधिक ब, सगळ्याचा घन' असं लिहिलं होतं. मी त्यावर लाल शाईनं एवढी मोठी फुली मारली होती आणि खाली लिहिलं होतं, 'डोकं वापरा.' त्याच क्षणी, त्याच पायरीवर, तीच चूक मी भिकाजीच्या हाती दिली होती. तिनाचा घन, चाराचा घन आणि पाचाचा घन यांच्याऐवजी मी अख्ख्या बाराचा घन करायला लावला होता. त्या पोराचे नुसते मार्क गेले. इथं एका माणसाची अब्रू चालली होती.

"आण्णांना माहीत होतं, बारा मी सांगितले ते?"

"व्हय तर. खोकं बघून ते म्हणाले बी, भिका, लई थोर झालंय रं हे. मी म्हणालो, आण्णा, मास्तरीणबाईंनी हिशेब केलाय. मग काय म्हणाले म्हाईत हाय? म्हणाले, मग बरुबर आसंल. शिकल्याल्या बाईचा हिशेब चुकंल कसा!"

मी आण्णांकडे पाहिलं. ते देवीकडे तोंड करून उभे होते. गूळ हवेत गेला असेल, देवी कोपली असेल, आपल्याच हातून काही विपरीत घडलं असेल, या सगळ्यावर त्या माणसाचा विश्वास बसला होता. फक्त माझा हिशेब चुकला असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. लाज वाटली म्हणजे काय वाटली! जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं.

खरं सांगते, एक क्षण मला गप्प बसावंसंही वाटलं. आठ महिन्यांची नोकरी. अजून कायम झाले नव्हते. दौलतराव शाळेच्या कमिटीवर. गणिताच्या बाईंना बेरीज कुठे करावी ते कळत नाही, हे गावापुढे सांगायचं? पण काकी मातीत बसली होती, आणि घड्याळात साडेदहा झाले होते.

"गूळ कुठेही गेलेला नाही," मी म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाले, "गूळ चोरीला गेलेला नाही! खोकं चुकलंय. आणि ते माझ्यामुळे चुकलंय."

सगळी डोकी माझ्याकडे वळली.

"बाई, तुमी ह्यात पडू नगा," दौलतराव म्हणाले. "तीन, चार आन् पाच बाराच हुत्यात. माझा नातू बी सांगंल."

"तीन मुठी तांदूळ, चार मुठी तांदूळ आणि पाच मुठी तांदूळ मिळून बारा मुठी तांदूळ होतात. बरोबर. पण ती मूठ भरायची, दौलतराव. ही मूठ मापायची! नावं एक आहेत म्हणून आपण सगळे फसलो. आणि सगळ्यांत आधी मी फसले."

ओसरीची फरशी स्वच्छ होती. हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी रांगोळीचा डबा होता. मी तो उचलला आणि सरळ खाली बसले.

"नदीवाडीचा ठोकळा घ्या. एकेक मुठीचे छोटे चौकोनी खडे रचून तो करायचा म्हटलं तर तळाला किती लागतील? तीन ओळी, तीन तीन खडे. नऊ. असे थर तीन. किती झाले?"

"सत्तावीस," नदीवाडीच्या बायकांतून उत्तर आलं.

"चारमुठीत चार चोक सोळा, थर चार. चौसष्ट. दोन्ही मिळून एक्याण्णव." त्याच्या शेजारी मी सवयीनं शाळेतली रीतही मांडून पाहिली, तीन अधिक चार सात, आणि कंसात नऊ उणे बारा अधिक सोळा, म्हणजे तेरा. सात तेरे एक्याण्णव. जुळलं. एकदा चुकले होते, म्हणून दोनदा करून पाहिलं एवढंच. "आणि पाचमुठीत पंचवीस पंचे?"

"सव्वाशे!" आता पुरुषही बोलायला लागले होते.

"एक्याण्णव आणि सव्वाशे. दोनशे सोळा. काहिलीत दोनशे सोळा खडे गूळ गेला. आता खोक्यात किती आहे ते बघू. भिकाजी, गुळाची जाडी मोज."

भिकाजीनं कमरेची मापकाठी काढली, खोक्यात वाकला. त्याचे नुसते पाय बाहेर दिसत होते. आतून आवाज आला, "दीड मूठ! नेमकी दीड!"

"बारा लांब, बारा रुंद. बार बारे चव्वेचाळासे, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. एक मूठ जाडीला एकशे चव्वेचाळीस, वरच्या अर्ध्या मुठीला त्याच्या निम्मे, बहात्तर. बेरीज करा."

मी मुद्दामच बोलले नाही. लोक पुटपुटत बोटं मोजायला लागले. सगळ्यांत आधी तानूकाकी ओरडली. ती शाळेची पायरी कधी चढली नव्हती, पण दुधाचा रतीब घालत होती.

"दोनशे सोळा! आवं, दोनशे सोळाच की! गेला तेवढाच हाय!" आणि मग दौलतरावांकडे वळून, "मोजा आता! खडा आन् खडा मोजा!"

दौलतरावांनी फरशीवरचे आकडे पाहिले, खोक्यात पाहिलं, पुन्हा आकडे पाहिले. माणूस तापट होता, पण आडमुठा नव्हता. "म्हंजे बाई, खोकंच आठपट झालं म्हणायचं?"

"आठपट. आण्णांचा काही दोष नाही. भिकाजीचाही नाही. त्यानं मला बेरीज विचारली, मी कशाची ते विचारलं नाही. चूक माझी आहे."

कुणीतरी "बाईच चुकल्या व्हय!" असं म्हणालं आणि माझ्या वर्गातली पाचसहा पोरं तोंडावर हात दाबून खुदखुदली. हसू दे, म्हटलं. हक्क आहे त्यांचा.

"ते सगळं खरं," दौलतराव म्हणाले, "पर पालखीला ठोकळा पायजे. ही तर फरशी झाली. केवढं खोकं पायजे हुतं?"

मी दोनशे सोळाखाली रेघ ओढली. असा एक आकडा हवा होता, की जो तीनदा गुणला तर दोनशे सोळा व्हावा. बहुतेक वेळा असा पूर्ण आकडा सापडत नाही. दोन ठोकळ्यांचा मिळून एक ठोकळा तर पूर्ण मुठींत कधीच बसत नाही. मी म्हटलं, येईल काहीतरी पावणेसहा, साडेसहा, भिकाजीला फळ्या तासत बसावं लागेल. साही साही छत्तीस. छत्तीस सक... मी पुन्हा गुणून पाहिलं.

"सहा," मी म्हणाले. "बरोब्बर सहा मुठी. तीन, चार आणि पाच मिळून सहा! एक खडा उरत नाही, एक कमी पडत नाही." मला एवढा आनंद झाला की रांगोळीचा डबाच हातातून सांडला. पण लगेच माझा चेहरा उतरला. "पण आता पुन्हा वितळवायला वेळ नाही."

"आन् वितळवू बी नगा," मागून आण्णा म्हणाले. "दोनदा तापलाय, काळा पडलाय. तिसऱ्यांदा चढवला तर कोळसा हुईल."

ते केव्हा माझ्यामागे येऊन उभे राहिले होते, कळलं नव्हतं. ते माझ्या आकड्यांकडे पाहतच नव्हते. खोक्यातल्या गुळाकडे पाहत होते, काहिलीतल्या बुडबुड्यांकडे पाहायचे तसे.

"बाई, बाराचा निम्मा सहा न्हवं?"

"हो."

"आन् दीड, दीड, दीड, दीड... चार येळा दीड किती?"

"सहा!" मी जवळजवळ ओरडलेच.

"भिका," आण्णा म्हणाले, "खोक्याच्या फळ्या काढ. चारी बाजूच्या. आन् तार आण."

फळ्या निघाल्या. एवढी मोठी जाड लादी, आतून अजून कोमट होती. आण्णांनी तारेला दोन्ही टोकांना लाकडाच्या मुठी बांधल्या, एक टोक भिकाजीला दिलं आणि मध्यावर तार लावली. एकदा उभी कापली, एकदा आडवी. चार चौकोनी तुकडे झाले, सहा मुठी लांब, सहा मुठी रुंद, दीड मूठ जाड. काकी धावत घरी जाऊन काकवीचं भांडं चुलीवर उकळून घेऊन आली. एक तुकडा कट्ट्यावर, त्यावर गरम काकवीचा हात, मग दुसरा तुकडा, पुन्हा काकवी. एकेक तुकडा उचलायला चार चार गडी. थोरलीचे, माळवाडीचे, नदीवाडीचे कोण कुठले ते कुणी पाहिलं नाही, जो जवळ होता त्यानं हात लावला. तिसरा चढला तेव्हा दौलतरावांनीसुद्धा धोतराचा काचा मारला आणि खांदा दिला.

चौथा तुकडा वर बसल्यावर भिकाजीनं मापकाठी लावली. लांब सहा. रुंद सहा. मग काठी उभी धरली.

"सा!"

हलगीवाल्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्यानं जी थाप मारली ती पार नदीपलीकडे गेली असेल. दौलतराव आण्णांपुढे येऊन उभे राहिले. त्यांनी काकवीनं बरबटलेले दोन्ही हात तसेच जोडले. "आण्णा, तोंडाला ईल ते बोललो. पदरात घ्या."

"आसू द्या," आण्णा म्हणाले. बस, एवढंच.

पालखी बारा वाजता निघाली. मिनिटभरही उशीर नाही. कुणाचा ठोकळा आधी, हा प्रश्न त्या वर्षी नव्हताच.

मी मात्र प्रसादाच्या गर्दीत गेले नाही. घरी येऊन पडवीत बसले. आण्णांना काय तोंड दाखवायचं, तेच समजेना. ते आले, पाय धुतले, आणि समोर बसले.

"आण्णा, माफ करा," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. "तुम्ही मला विचारायचं होतं. खोकं मोठं वाटतंय, हे मला येऊन सांगायचं होतं. तुमचंच बरोबर होतं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुमी बी गप बसला आसता तर कुणाला कळलं आसतं?"

आज शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. भल्याभल्यांनी माझं कौतुक केलं, पण त्या दुपारी आण्णांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं कुणी पाहिलेलं मला आठवत नाही.

मग आण्णा मघापासून मनात घोळत असलेलं बोलले.

"बाई, त्या भिकाच्या फळ्या चांगल्या आंब्याच्या हायत. वाया घालवू नये, आन् तुमचा बाराचा आकडा बी. ते बारा मुठींचं खोकं कडंपत्तोर भरायचं म्हटलं, तर गूळ किती लागंल?"

मी डोळे पुसले. "सतराशे अठ्ठावीस खडे. आजच्या आठपट, आण्णा."

"आठपट. म्हंजे सारख्या आठ काहिली." त्यांनी बोटं मोजली. "आमुशेच्या आत ऊस तुटला, आन् रोज एक काहील उतरवली, तर... तानू! आगं, नदीवाडीच्या ऊसवाल्यांना निरोप धाड. म्हणावं, उद्या पहाटं गुऱ्हाळ पेटवतोय."

"आठपट करा न्हाईतर साठपट," आतून काकी ओरडली, "आधी दोघं जेवून घ्या!"